मृदा नव्हे, भस्म

रोह्याहून कोलाडकडे निघालं की कुंडलिकेच्या काठाने धाटावची एमआयडीसी लागते. रसायनांच्या अशा वसाहतीत ॲसेटिक आम्लाचा आंबट वास ओळखायला कुणी केमिस्ट लागत नाही. व्हिनेगरमधलंच ते आम्ल, फक्त कितीतरी तीव्र. या आम्लाशी सोयरीक झालेल्या एका पांढऱ्या भुकटीचं कुळ शोधायचं, तर मात्र थेट स्वीडन गाठावं लागतं. भुकटीचं नाव सिरियम ॲसिटेट.

1803 साली बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी तिथल्या एका जड खनिजातून नवी ‘मृदा’ वेगळी केली. त्याच वर्षी जर्मनीत क्लाप्रोट यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली. 1801 मध्ये दिसलेल्या सेरेस या लघुग्रहावरून तिचं नाव पडलं. 1839 मध्ये मोसांडर यांना तिच्यातच दुसरं द्रव्य दडलेलं आढळलं. दडून राहण्याच्या ग्रीक शब्दावरून ते झालं लँथॅनम.

सिरियम, लँथॅनम ज्या गटात येतात त्याचं ‘दुर्मिळ मृदा’ हे नाव मला कायम खटकतं. भूकवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतकं आहे, मग ते दुर्मिळ कसलं? आणि मृदा म्हणजे शेतातली माती नव्हे. जुने रसायनज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या, आगीत न बदलणाऱ्या धातूंच्या ऑक्साइडांना ‘माती’ म्हणत. आपण त्या शब्दाचं सरळ भाषांतर केलं. आपल्या वैद्यांकडे नेमका शब्द होता: भस्म. यशद भस्म म्हणजे मुख्यतः जस्ताचं ऑक्साइडच. सिरियमच्या या ‘मृदे’लाही भस्म म्हटलं असतं, तर विद्यार्थ्यांना ती चटकन उमगली असती.

हे भस्म आपण पाहिलेलं आहे. लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या फडात जळणाऱ्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये सुमारे 99 टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि एक टक्का सिरियमचं असे. 1891 च्या सुमारास आउअर फॉन वेल्सबाख यांनी हे प्रमाण पक्कं केलं. सुती जाळी नायट्रेटच्या द्रावणात भिजवायची आणि पेटवायची. सूत जळून जाई, भस्माची जाळी उरे. त्यासाठी लागणारं थोरियम-सिरियमचं खनिज, मोनाझाइट, 1909 मध्ये शोम्बर्ग यांना त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत गवसलं. पुढे 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी उभी राहिली आणि 1955 पासून ट्रॉम्बेला मेंटलसाठी थोरियम नायट्रेट बनू लागलं.

सुरुवातीला भेटलेलं सिरियम ॲसिटेट तयार होतं ते सिरियम कार्बोनेटवर ॲसेटिक आम्ल ओतून. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळावं तसा फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. द्रावण गाळून आटवलं की स्फटिक हाती येतात. ते पाण्यात विरघळतात. तापवले की आधी अंगचं पाणी सोडतात, मग ॲसिटेटचा भाग जळून जातो आणि फिकट पिवळं सिरियम ऑक्साइड उरतं.

ॲसिटेटचा खरा गुण या जळून जाण्यातच आहे. नायट्रेट तापवलं की नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा तांबूस, छातीत जाणारा धूर निघतो. क्लोराइड वापरलं तर त्याचा अंश मागे राहून उत्प्रेरक बिघडवू शकतो. ॲसिटेट हवेत नीट जाळलं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच जातं. म्हणून शुद्ध भस्माचा पातळ थर हवा असेल किंवा उत्प्रेरक घडवायचा असेल, तिथे ॲसिटेटला पसंती मिळते. गाडीच्या धुराड्यातल्या कन्व्हर्टरमध्ये हेच सिरियम ऑक्साइड प्राणवायू साठवतं आणि गरज पडेल तसा सोडतं. नात्यातली दुसरी ॲसिटेटंही कामाची आहेत: सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठळक दिसाव्यात म्हणून किरणोत्सारी युरेनिल ॲसिटेटच्या जागी सॅमॅरियम आणि गॅडोलिनियमची ॲसिटेटं वापरून पाहिली गेली आहेत.

मोनाझाइटमध्ये सिरियम फॉस्फेटशी बांधलेलं असतं. ती गाठ सोडवायला तीव्र कॉस्टिक सोड्यात खनिज तापवावं लागतं. एवढी खटपट करून मोकळं केलेलं सिरियम, ॲसिटेटच्या रूपात फॉस्फेट असलेल्या पाण्यात टाकलं, की पुन्हा फॉस्फेटलाच धरतं. पाणी गढूळ होतं आणि थोड्या वेळाने पांढरा साका तळाशी बसतो.