रूप पालटलेली अक्षरे

संगणकाने तयार केलेल्या एखाद्या अहवालात आकडे बिनचूक असतात, रकाने सरळ असतात. आणि जेथे ‘मराठी’ एवढाच शब्द असावयास हवा, तेथे तिरकी रेघ माथ्यावर घेतलेला रोमन ‘ए’, चलनाची खूण, शेवटी येन आणि युरो, अशी पंधरा चिन्हांची रांग उभी असते. जपानी भाषेत या प्रकाराला ‘मोजिबाके’ असे नावच आहे. मोजी म्हणजे अक्षर. आणि भुताने रूप पालटावे, तसे रूप पालटणे म्हणजे बाके. जपानी माणसांना हे नाव शोधावे लागले, कारण त्यांच्याच देशात एकाच लिपीसाठी तीन निरनिराळ्या संकेतपद्धती एकाच वेळी नांदत होत्या.

याचे मूळ अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘आस्की’ या संकेतात आहे. संगणक अक्षर जाणत नाही, अंक जाणतो. त्या संकेतात १२८ जागा होत्या. इंग्रजीला त्या पुरल्या. पुढे एका बाइटमध्ये आणखी १२८ जागा मिळाल्या, आणि त्या ज्याने त्याने आपापल्या अक्षरांनी भरल्या. अंक तोच, अक्षर मात्र देशोदेशी वेगळे. भारतानेही १९९१ साली ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्यात देवनागरी ‘क’ आणि बंगाली ‘क’ यांचा अंक एकच होता, ही कल्पना मला आजही मोठी सुंदर वाटते.

त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात ‘यूटीएफ-८’ची आखणी केली. तीत इंग्रजी अक्षराला पूर्वीप्रमाणेच एक बाइट लागतो, देवनागरी वर्णाला तीन. ‘मराठी’तील म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच घटक म्हणजे पंधरा बाइट. अहवाल रचणारी आज्ञावली जुनी रीत धरून बसली, की प्रत्येक बाइट तिला एकेक अक्षर वाटतो. इंग्रजी मजकूर मात्र दोन्ही रीतींनी सारखाच वाचला जातो. म्हणून हा दोष वर्षानुवर्षे दडून राहतो आणि एखादे परभाषेतील नाव आले म्हणजेच उघडकीस येतो.

मोडी न येणाऱ्याला दप्तरातील कागद निरर्थक वाटतो, पण मजकूर जागच्या जागी असतो. येथेही तसेच आहे. त्या चिन्हांचे पुन्हा बाइट करावेत, ते योग्य संकेताने वाचावेत, म्हणजे ‘मराठी’ जशीच्या तशी परत येते. चौकोन दिसले, तर बहुधा टंकात ती अक्षरेच नसतात. टंक बदलला की काम भागते.

भीती आहे ती प्रश्नचिन्हांची. ज्या संकेतात देवनागरीला जागाच नाही, त्यात मजकूर साठविला, तर संगणक प्रत्येक वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. मूळ अंक तेथे उरत नाहीत. अशा वेळी जुनी प्रत नसेल, तर त्या माणसाकडे जाऊन त्याचे नाव पुन्हा विचारावे लागते.