एका रानटी रोपाची वंशावळ

नोव्हेंबर १९७०. चीनच्या हायनान बेटावर एका दलदलीत ली बिहू आणि फंग केशान यांना रानटी भाताचं एक रोप दिसलं. परागकोश सुकलेले, पराग निकामी. चिनीत त्याचं नाव पडलं 'ये-बाइ', म्हणजे रानटी आणि पराग खुंटलेलं. (मराठी कानाला कुणी हाक मारल्यासारखंच वाटतं म्हणा!) पुढच्या संकरित भाताचा मोठा भाग या एकाच रोपाच्या पोटचा आहे.

निकामी पराग हवाच कशाला? भाताच्या फुलात नर-मादी एकत्र. फूल उमलता उमलता स्वतःचं परागण स्वतःच उरकतं. संकर करायचा तर एकेका फुलातले सहा पुंकेसर चिमट्याने काढा. शेताला पुरेल इतकं बी असं कधी होणार? हुनानच्या आनजियांग शेतीशाळेतले शिक्षक युआन लोंगपिंग १९६४ पासून त्यासाठीच नरवंध्य रोपं शोधत होते. १९६६ मध्ये त्यांनी निबंधही छापला. पण सापडलेली वंध्यता पिढ्यान्‌पिढ्या टिकवायची कशी, तिथे गाडं अडलं होतं.

ये-बाइचा दोष केंद्रकात नव्हता, मायटोकॉन्ड्रियात होता, आणि तो आईकडूनच येतो. त्यामुळे तीन ओळींची जुळणी शक्य झाली. 'ए' ओळ वंध्य. 'बी' तिची जुळी: केंद्रक तेच, पराग मात्र चांगला, त्यावर 'ए' वाढवायची. 'आर' ओळीच्या केंद्रकातली जनुकं वंध्यता झाकतात, म्हणून ए-आर संकराच्या पिकात दाणा भरतो. १९७३ मध्ये हे जमलं, १९७६ पासून मोठी लागवड.

एक गोष्ट मात्र खटकते. त्याच १९७० साली अमेरिकेत एकाच वंध्य पेशीद्रवावर उभा असलेला संकरित मका करप्याने झोपला. सुमारे १५ टक्के पीक गेलं. तरी भाताची भिस्त वर्षानुवर्षं मुख्यतः ये-बाइवरच राहिली.

भारतात कार्यक्रम १९८९ ला सुरू झाला, केंद्र आपल्या हैदराबादचं राजेंद्रनगर. १९९८ मध्ये कर्जतहून 'सह्याद्री' आला. त्याची आई 'आयआर ५८०२५ ए', तीही ये-बाइच्याच कुळातली. तिचा सौम्य वास तांदळात उतरतो, आणि दक्षिणेत रोजच्या भाताला तो पुष्कळांना नको होता.

घरचं बी ठेवावं तर पुढच्या पिढीत पीक फुटतं, एकसारखं राहत नाही. म्हणून दर हंगामाला पिशवी विकतच. हे बी बरंचसं करीमनगर-वरंगळकडे तयार होतं. 'ए' ओळीची लोंबी पोटरीतून पूर्ण निघत नाही, तेव्हा जिबरेलिक आम्ल फवारतात. मग फुलोऱ्यात, उन्हं चढल्यावर, दोघे जण दोन बांधांवरून दोर ओढत 'आर'च्या ओळी हलवत जातात, पराग उडावा म्हणून.