‘सांडपाणी’ : एक शब्द आणि एक व्यवहार

‘सांडणे’ या क्रियापदाचा ज्ञानेश्वरीतील (शके १२१२) अर्थ टाकणे, त्यागणे असा आहे. सांडपाणी म्हणजे अर्थातच टाकून दिलेले पाणी. व्यवहार मात्र शब्दाइतका उधळा नव्हता. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी ज्या अवर्षणप्रवण मुलखात मोडते, तेथे पाणी टाकणे परवडणारे नव्हे. जुन्या मराठी घरांत न्हाणी-मोरीचे पाणी परसातील अळू व केळी पिऊन टाकीत. पुढे नळ आले, पाणी वाढले, परसाची जागा आखडली आणि मोरी गल्लीत वाहू लागली.

२०१४ च्या स्वच्छ भारत अभियानाने शौचालये घरोघर नेली. मोरीच्या पाण्यावर भर आला तो २०२० च्या दुसऱ्या टप्प्यात. हे पाणी सेप्टिक टाकीत सोडणे सोयीचे वाटते, पण त्या लोंढ्याने गाळ तळाशी बसत नाही व अर्धवट कुजलेला मळ बाहेर पडतो. म्हणून स्वतंत्र शोषखड्डा. (तत्सम पूर्वपद आणि देशी उत्तरपद असा हा समास शुद्धिवाद्यांस खटकेल; गावकऱ्यांस तो खटकला नाही.) नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने असे खड्डे घरोघर खणले. मात्र काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते, आणि साबण व खरकट्यातील तेलकटपणा खड्ड्यातील फटी बुजवितो. खड्ड्याआधी गाळ अडविणारी लहान कुंडी हवी, आणि ती वेळोवेळी उपसणारा माणूसही.