वायर गेली, वीज राहिली

मंडळी, आज उजव्या हाताच्या दोन बोटांना बँडेज बांधून टाइप करतोय. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. :)

झालं असं की गेल्या शनिवारी मुलीच्या खोलीत पुस्तकांसाठी फळी बसवत होतो. हातात वर्षभरापूर्वी हौसेनं घेतलेलं कॉर्डलेस ड्रिल. भोकं पाडून झाली, आता स्क्रू बसवायचे म्हणून बिट बदलायला घेतलं. डाव्या हातात मशीन, उजव्या हाताने चक घट्ट धरलेला, आणि डाव्या हाताचं बोट नकळत ट्रिगरवर पडलं. चक चिमटीतच गर्रकन फिरला. कातडी सोलली, एक नख काळंनिळं झालं. मुलगी शिडी धरून शेजारीच उभी होती. तिला काही झालं नाही हे नशीब.

बाबांची उभी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून गेली. हळद लावता लावता त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"प्लग काढला होतास का रे?"

"बाबा, याला प्लगच नसतो. कॉर्डलेस आहे."

"मग याचा प्लग कुठे असतो ते आधी शोध."

रविवारभर एका हाताने तेच शोधत बसलो, आणि शोधता शोधता थेट चंद्रावर पोचलो. कसं ते सांगतो.

विजेवर चालणारं पहिलं हातातलं ड्रिल १८९५ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने बनवलं. वजन सुमारे साडेसात किलो. म्हणजे ते चालवायचं तर अंगात जोर हवा आणि दोन्ही हात त्यातच गुंतलेले. चुकून सुरू होण्याची सोयच नाही! पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला ब्लॅक आणि डेकर या दोघांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर दिला. १९१७ साली त्याचं पेटंट मिळालं. आज आपण बाजारात बघतो ती जवळजवळ सगळी ड्रिल्स याच घराण्यातली. एका बोटाने मशीन सुरू. केवढी सोय! आणि माझी दोन बोटं त्याच सोयीची बळी. असो.

तरी तेव्हा वायर होती. वायर पायात यायची, पुरायची नाही, पण प्लग उपटला की यंत्र मेलं, हे कोणालाही दिसायचं. बाबांच्या पिढीची शिस्त त्या प्लगवर उभी होती. बिट बदलायचंय? आधी प्लग काढ.

१९६१ साली ब्लॅक अँड डेकरनेच बॅटरीवर चालणारं ड्रिल बाजारात आणलं. आत निकेल-कॅडमियम सेल. एका सेलचे जेमतेम १.२ व्होल्ट, त्यामुळे ताकद बेताचीच. (कॉर्डलेस यंत्रं 'नासा'ने शोधली असं आपण ऐकतो ना, ती लोणकढी थाप आहे. 'नासा'चं चांद्रड्रिल त्याच्या नंतरचं.)

पण त्या चांद्रड्रिलची गोष्ट फार सुरस आहे. १९७१ साली अपोलो १५ मध्ये डेव्हिड स्कॉटने चंद्रावर बॅटरीच्या ड्रिलने भोकं पाडायला घेतली. आत उष्णता मोजणारी उपकरणं सोडायची होती. बेत सुमारे तीन मीटर खोलीचा, पण पहिलं भोक दीड मीटरच्या थोडं पुढे जाऊन अडलं. बॅटरी संपली का? नाही. बिटच्या दांड्यांवरच्या ज्या खाचांमधून भुसा वर यायला हवा, त्या सांध्यांपाशी नीट जुळत नव्हत्या. माती तिथे अडकली आणि दांडा रुतला. मातीचा नमुना घ्यायला घातलेली नळीही अशी रुतली की ती उपसायला स्कॉट आणि आयर्विन दोघांना जोर लावावा लागला. पुढच्या मोहिमेसाठी दांड्यांची रचना बदलली.

१९७२ साली अपोलो १६ मध्ये चार्ली ड्यूकने भोक झकास पाडलं. आणि मग काय व्हावं? जॉन यंगचा पाय उपकरणाच्या वायरीत अडकला, वायर तुटली आणि तो प्रयोगच बाद! ड्रिल कॉर्डलेस, पण घात केला वायरीनेच. :) अखेर त्याच वर्षी अपोलो १७ ला ते काम जमलं.

यातून आपल्यासारख्या फळीवीरांनी घ्यायचं ते एवढंच: बिट अडलं तर जोर लावू नका. मागे घ्या, भुसा काढा, बोथट असेल तर बदला. जोर लावला की बिट रुततं, आणि मग बिटऐवजी आख्खं मशीन मनगटासकट फिरतं. स्क्रूसाठी क्लचचा आकडा कमी ठेवा, मोठ्या भोकाला बाजूची मूठ लावा.

आता बॅटरीकडे येऊ. निकेल-कॅडमियमचा काळ लांबला. कॅडमियम विषारी, म्हणून युरोपने २०१६ सालानंतर या यंत्रांसाठीसुद्धा त्याची नवी विक्री थांबवली. दरम्यान १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणले होते आणि २००५ मध्ये मिलवॉकीची २८ व्होल्टची लिथियम हत्यारं आली. माझ्या ड्रिलवर १८ व्होल्ट लिहिलंय, म्हणजे आत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक. (काही जण यालाच '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतात. पाच सेल पूर्ण भरले की तेवढे होतात. यंत्र तेच, पाटी वेगळी!)

पण सेल बदलले तरी सल्ले जुनेच राहिले. आमच्या क्षेत्रात जुना कोड कोणी काढत नाही, तसंच. "बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज कर" हा सल्ला निकेल-कॅडमियमचा. लिथियमला तो उलट मारक. ताकद कमी वाटली की थांबा, चार्ज करा. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर साधारण अर्धी भरलेली, थंड कोरड्या जागी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत मुळीच नको. चार्जर तिचाच. खिळे-स्क्रूंच्या डब्यात सुटी बॅटरी टाकू नका, दोन टोकं धातूने जोडली गेली तर आगीला निमित्त पुरतं. तडा गेलेली, भिजलेली, फुगलेली बॅटरी 'एकदा बघू' म्हणून लावू नका, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून बॅटरी गोळा करणाऱ्यांकडे द्या. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आणि हो, ड्रिलला वायर नसली तरी भिंतीत असते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडण्याआधी दोनदा विचार करा आणि मेन स्विच बंद करा. डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या बिटमध्ये ते हाताला ओढून नेतात.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. याचा प्लग म्हणजे बॅटरीच. बिट बदलताना आधी बॅटरी काढायची. तेवढ्यापुरतं खाली ठेवायचं असेल तर पुढे-मागे फिरवायची कळ मधोमध आणायची, बहुतेक ड्रिल्समध्ये तिथे ट्रिगर अडकतो. वर्षभर ती कळ माझ्या अंगठ्याखाली होती आणि मी माहितीपुस्तिका खोक्यातून काढलीही नव्हती. दुसऱ्यांना डॉक्युमेंटेशन वाचा म्हणून सांगणारा मी!

बाबांना हे सगळं सांगितलं, चंद्रासकट. त्यांनी ऐकून घेतलं, ड्रिल हातात घेतलं, बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "फळी अजून वाकडी आहे."

बोटं बरी झाली की बघू.