वारस दाखला, १८२७ सालचा

घरातला कर्ता माणूस गेला की चाळिसाव्याच्या आतच कोणीतरी म्हणतो, "आता वकील बघायला हवा." बहुतेक वेळा तशी गरज नसते, आणि ही गोष्ट जवळपास दोनशे वर्षे जुनी आहे.

एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२७ साली इलाख्यासाठी कायद्यांची एक संहिता तयार झाली. तिच्यातले आठवे रेग्युलेशन वारसांविषयी आहे. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की वारसाला मयताची मिळकत ताब्यात घेण्यासाठी किंवा तिच्यासाठी दावा करण्यासाठी आधी कोर्टाची मान्यता घ्यावी लागत नाही. कोणी शंका घेत असेल, कागद हवाच असेल, तर अर्ज करावा. न्यायाधीश जाहीरनामा काढून हरकती मागवतील आणि दाखला देतील. महाराष्ट्रातल्या कोर्टांत आजही वारस दाखल्याचा अर्ज याच रेग्युलेशनखाली होतो. अर्जदाराने स्वतः उभे राहायला कायद्याची आडकाठी नाही.

प्रोबेटची भीतीही अनेकांना उगाच असते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे केले, पण त्याच कलम २१३ मध्ये मुसलमानांची वसीयत वगळली होती. वसीयत असलीच तरी ती एक तृतीयांशापुरतीच चालते, आणि वारसाच्या नावे केली असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते. बुडीत येणे कोर्टातून वसूल करायचे असेल तर मात्र उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. तिथे आपल्याला सूट नाही.

हिशेब तर आपल्या आजोबांना आण्यांत तोंडपाठ असायचा. दफनाचा खर्च, कर्ज आणि न दिलेला मेहर आधी वजा करायचा. (मेहर हे कर्जच आहे, हे आपण सोयीने विसरतो.) मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली असतील तर रुपयातले दोन आणे पत्नीला, सात आणे मुलाला, साडेतीन-साडेतीन आणे मुलींना. सोळा आणे पुरे. यात वकिलाने करण्यासारखे काय आहे?

अडते ते त्या साडेतीन आण्यांशी. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन मुलींनी कुराणातला वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींचा रिवाज हिंदूंसारखा आहे आणि रिवाजच चालेल. मुली रिकाम्या हाताने परतल्या. कलमा पढणाऱ्या बापाच्या मिळकतीत मुलगी वारस नाही, हे म्हणणे इंग्रजांचे नव्हते. ते मुलींच्या समोर उभ्या असलेल्या आपल्याच पुरुषांचे होते. इंग्रजाने फक्त त्यावर शिक्का मारला.

१९३७ च्या शरियत कायद्याने रिवाज बाजूला सारला, पण शेतजमीन वगळून. त्यावरून "शेतात बहिणीला वाटा नाही" असा अर्थ काढणारे गावोगाव भेटतात. अर्थ चुकीचा आहे. रिवाज आहे असे जो म्हणतो, त्याने तो कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो; नाहीतर वाटणी शरियतप्रमाणेच होते.

म्हणून गावातल्या माणसाने वकिलाआधी तलाठ्याकडे जावे. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार, मग सातबारा. अर्जातच बहिणींची नावे गाळली जातात, किंवा नाव लागल्यावर ईदला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. बहिणींनो, फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत साध्या कागदावर, लेखी द्या आणि पोच घ्या. नाव सातबाऱ्यावर लागल्यावर वाटा भावाला द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.