एकसष्टाचे उत्तर

आज मी एकाच संख्येविषयी बोलणार आहे : १७६६३१९०४९. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त विचारले, कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा वर्गच येतो? ६० साठी ४ चा वर्ग पुरतो, ६२ साठी ८ चा. ६१ साठी मात्र लहानात लहान संख्या २२६१५३९८० आहे, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ म्हणजे आपली संख्या. अंदाजाने चाचपडणाऱ्याचा जन्म सरावा! मी हाताने पडताळा केला तेव्हा दोनदा हातचा चुकला.

आचार्य चक्रवाल पद्धतीने ३९ व ५ पाशी येतात. तेथे १ अधिक होण्याऐवजी ४ उणे पडतात. तेथून ब्रह्मगुप्ताची भावना लावीत ते २९७१८ व ३८०५ गाठतात. आता केवळ १ उणा. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवला, की झाली आपली संख्या.

१६५७ साली फर्माने हाच ६१ चा प्रश्न फ्रान्समध्ये आव्हान म्हणून घातला. पुढे ऑयलरने या समीकरणाला पेलचे नाव दिले. पेलचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

विज्जलविड म्हणजे विजापूर की पाटणचा परिसर, हा वाद कलघटगीत उकरणे बरे नव्हे. चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात मात्र, आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेले दान कोरलेले आहे.