मर्खाच्या काडीतला विस्तव

लहानपणी आमच्या आळीत रोज सकाळी काडी ओढणे हा उधळेपणा समजला जाई. चूल पेटवायची तर कुणाच्या कौलांतून धूर निघतो आहे ते बघायचे आणि गोवरीचा तुकडा घेऊन त्या घरी जायचे. हे काम दादी मला सांगायची. निखारा गोवरीवर ठेवून परतताना पळायचे नाही, आणि रमतगमतही यायचे नाही. पळालात तर हात भाजेल, रेंगाळलात तर राख हाती येईल. दोन घरांत बोलणे बंद असले तरी विस्तव मागायला गेलेल्या पोराला कुणी रिकामे पाठवत नसे.

पुढे हौसेने थोडीफार अरबी शिकू लागलो तेव्हा एक साधा प्रश्न मनात आला. श्रोतेहो, जिथे शेजारचा तंबूच दोन दिवसांच्या वाटेवर आहे, त्या वाळवंटात माणसे विस्तव कुणाकडे मागत असतील?

उत्तर अरबी शब्दकोशातच सापडले. ते विस्तव झुडपाकडे मागत. त्या झुडपाचे नाव मर्ख. जवळजवळ बिनपानांचे, वाळूत माणूसभर किंवा त्याहून थोडे उंच वाढणारे, हिरव्या सडपातळ फांद्यांचा झाडू उभा करून ठेवावा तसे ते दिसते. पाने नसली तरी अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात, म्हणून भर उन्हाळ्यातही ते हिरवे राहते. आपल्या रुईच्या कुळातलेच हे झुडूप. रुईची जशी म्हातारी उडते, तसे मर्खाच्या शेंगेतूनही रेशमी तंतूंचे बी उडते. आपल्या देशातही ते आहे. राजस्थानच्या थर वाळवंटात त्याला खींप म्हणतात. तिथले लोक त्याच्या फांद्यांनी झोपडी शाकारतात, सालीचे दोर वळतात, कोवळ्या शेंगांची भाजी करतात.

अशा काडीतून विस्तव काढायची रीत ऐकायला सोपी आहे. वाळलेल्या जाड फांदीचा तुकडा आडवा ठेवून पायाने दाबून धरायचा. त्यात छोटी खळगी करायची आणि तिच्या कडेला एक खाच पाडायची. दुसरी सरळ काडी त्या खळगीत उभी धरायची आणि दोन्ही तळव्यांमध्ये, ताक घुसळल्यासारखी, गरगर फिरवायची. फिरवताना हात आपोआप खाली सरकतात. ते झटकन वर न्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. खाचेत भुगा साठू लागतो. आधी तो पिवळट असतो, मग तपकिरी होतो, मग काळा. भुग्याचा कण साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की धुमसू लागतो. हात थांबल्यावरही धूर निघत राहिला, तर समजायचे की विस्तव जन्मला. तो जेमतेम मसुराच्या दाण्याएवढा असतो. सुक्या गवताच्या चुंबळीत अलगद ठेवून त्याला फुंकर घालायची. इथे पुन्हा दादीचाच नियम लागू होतो. घाई केली तर विझतो, आळस केला तर राख होते.

यासाठी कठीण लाकूड चालत नाही. सागासारखे टणक लाकूड घासले तर गुळगुळीत होते, भुगा देत नाही. हलकी, मऊ, बिनडिंकाची आणि खडखडीत वाळलेली काडी लागते. म्हणून जगातल्या निरनिराळ्या वाळवंटांतल्या माणसांनी मोठी झाडे सोडून रानझुडपांचे देठ निवडले. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांतल्या जमाती युक्का आणि सोटोल या वनस्पतींचे वाळलेले फुलदांडे वापरत. इजिप्तमध्ये हातांऐवजी धनुष्याची दोरी काडीला गुंडाळून ती फिरवत. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यातल्या सोन्यानाण्याच्या ढिगात विस्तव काढायचे असे एक साधे साधनही होते. राजालाही परलोकात चूल पेटवावी लागणारच.

अरबांनी या दोन काड्यांना जोडीची नावे दिली. वरची फिरणारी ती झंद, म्हणजे नर. खालची खळगीची ती झंदा, म्हणजे मादी. आपल्याकडे यज्ञासाठी अरणी घुसळतात. शतपथ ब्राह्मणात वरच्या अरणीला पुरूरवा आणि खालच्या अरणीला उर्वशी म्हटले आहे. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन समाजांनी दोन काड्यांत एकच संसार पाहिला, याचे मला कवी म्हणून फार अप्रूप वाटते.

नवव्या शतकात अबू हनीफा दीनवरी नावाच्या पंडिताने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अग्निकाष्ठांना वेगळे प्रकरण दिले. वाऱ्याने मर्खाच्या फांद्या एकमेकींवर घासून सबंध दरी पेटते, अशी गोष्टही जुन्या कोशांत सांगितली आहे. अरबी म्हणीचा आशय असा की आग सगळ्याच झाडांत असते, पण मर्ख आणि अफार या दोघांना तिचा मोठा वाटा मिळाला. कुरआनच्या यासीन सूऱ्यात हिरव्या झाडातून अग्नी देणाऱ्याचा उल्लेख येतो, तेव्हा भाष्यकारांना हीच दोन झाडे आठवतात. बाराव्या शतकातले झमख्शरी तर पाणी गळणाऱ्या ओल्या डहाळ्या घासण्याचे वर्णन करतात. ज्याने हाताने काडी घुसळली आहे त्याला मात्र ठाऊक असते की ओली काडी दमवते, पेटत नाही. हिरवेपणा झाडाचा, कोरडेपणा काडीचा. ग्रंथ लिहिणाऱ्याच्या आणि उंट हाकणाऱ्याच्या ज्ञानात एवढा फरक असतोच.

उंट हाकणाऱ्यांचे हे ज्ञान युरोपच्या शास्त्रात पोहोचवले ते पीटर फॉर्स्कोल या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली सहा जणांची मोहीम अरबस्तानकडे पाठवली, तिच्यात तो होता. त्याने या झुडपाच्या शास्त्रीय नावात ‘पायरोटेक्निकम’ हा शब्द घातला. त्याचा अर्थ अग्निकलेचे. झुडपाचा गण पुढे बदलला, पण आजच्या ‘लेप्टाडेनिया पायरोटेक्निका’ या नावात ती अग्निकला टिकून आहे. फॉर्स्कोल स्वतः जुलै १७६३ मध्ये येमेनमधील यरीम येथे हिवतापाने गेला. वय अवघे एकतीस. उरलेले मोखा बंदरातून मुंबईकडे निघाले. दोघे समुद्रातच वारले. मोहिमेच्या डॉक्टरने १७६४ च्या फेब्रुवारीत मुंबईत प्राण सोडला. एकटा कार्स्टन नीबूर उरला. तो त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत मुंबईत होता, घारापुरीला जाऊन लेण्यांची चित्रे काढत होता. मायदेशी परतल्यावर १७७५ साली त्याने मित्राचा ग्रंथ छापून घेतला. शेजाऱ्याकडचा निखारा न विझू देता घरी न्यावा, तसे ते काम होते.

पण नाव टिकले म्हणजे अर्थ टिकतो असे नाही. जुन्या अरबीत उदार माणसाला, ज्याची अग्निकाष्ठे चटकन पेट घेतात असा, म्हणत. न पेटणाऱ्या काड्यांचा तो कंजूष. वाळवंटात रात्री उंचवट्यावर आग पेटवत, ती वाट चुकलेल्या पाहुण्याला तंबू दिसावा म्हणून. म्हणजे काड्यांचा संबंध भाकरीशी आणि पाहुणचाराशी होता. याच काड्यांचे अनेकवचन झिनाद. आजच्या अरबीत झिनाद म्हणजे बंदुकीचा घोडा. गारगोटीच्या बंदुका आल्या, ठिणगी पाडणाऱ्या भागाला जुनेच नाव मिळाले, आणि शब्द चुलीकडून रणांगणाकडे गेला.

अरबीला नावे ठेवायला आपण मोकळे नाही. चकमक हा तुर्कीतून आलेला शब्द. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटून ठिणगी पाडायचे ते साधन. खेड्यातले म्हातारे कापूस आणि चकमक कनवटीला ठेवत, बिडी पेटवत, दुसऱ्याचीही पेटवून देत. आज वर्तमानपत्रात ‘चकमक’ वाचले की आपण मृतांचा आकडा शोधतो.

मर्ख अजूनही अरबस्तानच्या वाळूत उगवतो, थरमध्ये खींप वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवते. काडीला यात काही बदल कळलेला नाही. तिच्यात विस्तव आजही तेवढाच आहे. तो कशासाठी काढायचा, हे काडी कधीच सांगत नव्हती. ते दादी सांगायची. गोवरी हातात देऊन ती वर म्हणायची, ‘उद्या तिची चूल विझली तर ती आपल्याकडे येईल. तेव्हा दार उघडे ठेव.’